शिराझ: ब्रिक्स बघायचे, पण तोडायचं पीएचवर

फळासाठीची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात झाली की दिंडोरीकडचा शिराझ, म्हणजे लाल वाईनचं काळं द्राक्ष, फेब्रुवारीत तयार व्हायला लागतो. रिफ्रॅक्टोमीटरवर (साखर मोजायचं यंत्र) २४ ब्रिक्स, म्हणजे रसात सुमारे २४ टक्के साखर, दिसले की बागायतदार तोडायची घाई करतो. मी आधी पीएच बघतो; तो जितका वर, तितका रस कमी आंबट. काळ्या जमिनीतून वेल पोटॅश भरपूर उचलतो, ते मण्यात उतरून आम्ल मारतं. उन्हं चढली की मॅलिक आम्लही उडतं. साखर भरेपर्यंत पीएच ३.८ च्या वर गेला, तर वाईनला ना रंग टिकतो ना चव. उतारावरच्या मुरमाड जमिनीचा माल बरा: वेलाला माज नाही, मणी बारीक, सालीला रंग दाट. २३ ब्रिक्स, पीएच ३.५-३.६ आणि चावल्यावर कुडकुडणारी तपकिरी बी, एवढं जुळलं की तोडणी. बी हिरवी असेल तर कडवटपणा पुढे कशानेच जात नाही.

५०० किलोंचा हिशोब सांगतो. द्राक्षांचे क्रेट सकाळी नऊच्या आधी आत यायला हवेत. देठ काढून मणी फोडले की ४४ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, नको ते जंतू दाबायला. पीएच वर असेल तर रसात लिटरला १ ग्रॅम टार्टारिक आम्ल, पीएच साधारण ०.१ ने उतरतो. यीस्ट १२५ ग्रॅम, ३८ अंशांच्या सव्वा लिटर पाण्यात २० मिनिटं. ते तसंच गार रसात ओतलं तर दगावतं, म्हणून थोडा थोडा रस घालत फरक १० अंशांच्या आत आणतो.

टाकी पाऊणच भरायची. सालं फुगून वर येतात, हात टेकवला तर थर खालच्या रसापेक्षा गरम लागतो. दिवसातून चारदा तो दाबून बुडवायचा. कोरडा राहिला की व्हिनेगरचा वास आलाच. रस २६-२८ अंशांवर ठेवतो. ३२ च्या पुढे यीस्ट दमतं आणि साखर अर्धवट राहते. सडक्या अंड्याचा वास म्हणजे यीस्ट उपाशी: सुरुवातीला आला तर डीएपी (यीस्टला नत्र देणारं खाद्य) आणि हवा, निम्मी साखर संपल्यावर फक्त हवा.

हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारी नळी) ०.९९५ ला आला की वाईन सालांतून दाबून काढायची. मॅलोलॅक्टिक, म्हणजे जिवाणूंनी मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करणं, पूर्ण होईपर्यंत पुन्हा सल्फाइट नाही, नाहीतर ते अडकतं.

ताटात? मिसळीबरोबर नकोच, तर्रीचा जाळ टॅनिनच्या तुरटपणाने आणि अल्कोहोलने दुप्पट लागतो. काळ्या मसाल्याचं सुकं मटण, तिखट बेताचं, किंवा चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत. आणि बाटली आधी अर्धा तास फ्रीजमध्ये, कारण नाशिकच्या एप्रिलात खोलीचं तापमान म्हणजे ३२ अंश.