मणक्यातला पांढरा दोरा

कोल्हापुरात मटणाच्या ताटावर बसलेला माणूस नळी ओळखतो, चाप ओळखतो, कलेजी तर डोळे मिटून ओळखतो. मणक्याच्या तुकड्यात मात्र हाडाच्या मधल्या भोकातून कधी कधी एक पांढरा, मऊ दोरा डोकावतो, आणि 'ही पण मज्जाच' असं म्हणून तो ओढून खाल्ला जातो. नळीतली ती अस्थिमज्जा, रक्तपेशी तयार करणारी. मणक्यातला हा दोरा म्हणजे मज्जारज्जू, मेंदूची खाली उतरलेली शेपटी. आडनाव एक, घराणी दोन. रश्श्यात दोन्ही सारखीच लागतात, त्यामुळे या घोटाळ्याची तक्रार कुणी करत नाही.

माणसातला हा दोरा पुरुषांत साधारण ४५ सेंटीमीटर लांब असतो, स्त्रियांत दोनेक सेंटीमीटरनं कमी. जाडी करंगळीएवढी, वजन ३५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन छोटे पेढे. कवटीच्या तळातून निघतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. कणा मात्र त्याच्या खाली आणखी वीतभर जातो. गर्भात तिसऱ्या महिन्यापर्यंत दोघांची लांबी सारखी असते; पुढे हाडं झपाझप वाढतात आणि दोरा मागे पडतो. त्यामुळे खालच्या मणक्यांमधून बाहेर पडणाऱ्या नसांना वरूनच लांब लोंबत यावं लागतं. त्या जुडग्याला जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी घोड्याची शेपटी म्हटलं, आणि ते नाव अजून चालतं.

दोरा लवकर संपतो हे भूलतज्ज्ञांच्या पथ्यावर पडलं. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा चाचपायच्या आणि त्यांना जोडणारी रेषा मनात ओढायची. ती कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी येते. त्याच्या जरा वर किंवा जरा खाली सुई. तिथं दोरा नाहीच. आहेत त्या नसा, खिरीतल्या शेवयांसारख्या द्रवात तरंगणाऱ्या, सुई आली की बाजूला सरकणाऱ्या. ही भूल १८९८ मध्ये ऑगस्ट बीअर या जर्मन सर्जननं रूढ केली. त्यानं प्रयोग स्वतःवरही करून घेतला आणि नंतर कित्येक दिवस डोकेदुखीनं आडवा पडून राहिला. कारण आज माहीत आहे: सुईच्या भोकातून द्रव पाझरतो, बसलं की डोकं ठणकतं, झोपलं की उतरतं. आता सुया बारीक झाल्यात, डोकेदुखी कमी झालीय. सिझेरियननंतर वर्षानुवर्षं दुखणाऱ्या कमरेचं खापर मात्र अजून त्याच सुईवर फुटतं. अभ्यासांत तसं काही दिसत नाही. ढिले पडलेले पोटाचे स्नायू आणि दिवसातून पन्नासदा वाकून उचललेलं बाळ, यांना कुणी दोष देत नाही.

तीच गत 'मणक्यात गॅप आलाय' या वाक्याची. एसटी स्टँडपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ते ऐकू येतं. खरं तर दोन मणक्यांमध्ये जागा असायलाच हवी, तिथं गादी असते. गादी सुकली, बसली की गॅप कमी होतो. आलेला नसतो, गेलेला असतो. आणि बहुतेक वेळा दबते ती नस, दोरा नव्हे. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली तर पायाचा अंगठा वर उचलणं जड जातं, टाचांवर चालता येत नाही. त्याखालची सरकली तर चवड्यांवर उभं राहता येत नाही. बहुतेकांचं हे दुखणं काही आठवड्यांत ओसरतं. पण सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, लघवी अडकली, दोन्ही पाय ढिले पडले, तर घोड्याची अख्खी शेपटी चिमटीत सापडलेली असते. तेव्हा मालिश, शेक, 'सकाळी बघू' हे सगळं बाजूला ठेवून त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं.

दोरा आडवा कापला तर आत राखाडी फुलपाखरू दिसतं आणि भोवती पांढरा भाग. राखाडी म्हणजे पेशी, पांढरा म्हणजे चरबीचं वेष्टन असलेल्या तारा. मागून खबर आत येते, पुढून हुकूम बाहेर जातो. नसांच्या ३१ जोड्या. मानेत मणके सात, पण नसा आठ. या एका हिशेबानं वैद्यकीच्या कितीतरी विद्यार्थ्यांना गुण घालवायला लावलेत.

फक्त तारा असत्या तर 'केबल' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण फुलपाखरू स्वतः निर्णय घेतं. जोतिबाच्या डोंगरावर अनवाणी चढणाऱ्याच्या तळव्यात काटा शिरला, तर पाय वर येतो तो मेंदूला न विचारता. त्याच क्षणी दुसऱ्या पायाचे स्नायू ताठ होतात, नाहीतर भक्त खाली बसलाच असता. तीक्ष्ण कळ नेणाऱ्या तारा सेकंदाला ५ ते ३० मीटर धावतात, जळजळ नेणाऱ्या बारीक तारा जेमतेम अर्धा ते दोन मीटर. म्हणून आधी पाय उचलतो, मग 'आई गं' येतं, आणि ठणका सावकाश मागून येतो. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो, तेही असंच. मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि मागच्याला त्याच वेळी 'ढिला हो' असा निरोप जातो.

मेंदू वरून 'थांब' म्हणू शकतो, हेही खरं. तांबड्या रश्श्याची वाटी काठोकाठ भरलीय, बोटं भाजतायत, तरी ती ताटापर्यंत पोचते. दोऱ्याचं म्हणणं असतं सोडून द्यावी. पांढऱ्या तारांतून खाली आलेला हुकूम ते दाबून ठेवतो. रस्सा सांडला तर काय ऐकून घ्यावं लागेल, हे मेंदूला ठाऊक असतं.

या तारांना जीवनसत्त्व बी-१२ लागतं. वर्षानुवर्षं मांस, अंडी, दूध सगळंच कमी असलेल्यांत किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते घटू शकतं, आणि दोऱ्याच्या मागच्या बाजूच्या तारा आधी बिघडतात. त्या पायाची जागा मेंदूला कळवणाऱ्या. चप्पल पायातून कधी सुटली ते समजत नाही. सकाळी डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल जातो. डोळे उघडे असले की ठीक, कारण डोळे हिशेब भरून काढतात. डॉक्टर अंगठ्याला १२८ हर्ट्झचा नादकाटा टेकवून कंप जाणवतो का विचारतात. लवकर पकडलं तर इंजेक्शनांनी सुधारतं, उशीर झाला तर काही अंशी राहूनच जातं.

मानेतला भाग सगळ्यात महागाचा. शड्डू ठोकायला कोपर वाकतो तो मानेतल्या पाचव्या नसेच्या पातळीवरून, मनगट मागे वळतं सहावीवरून, कोपर सरळ होतो सातवीवरून, मूठ आवळते आठवीवरून. श्वासाचा पडदा तिसरी ते पाचवीच्या ताब्यात. म्हणजे एका मणक्याच्या फरकानं माणूस स्वतःच्या हातानं जेवेल की नाही हे ठरतं. शाहू महाराजांनी उभारलेलं खासबाग मैदान १९१२ चं. तिथं मानेवर अख्खं अंग तोलून चितपट टाळणारे पैलवान पिढ्यान् पिढ्या पाहिलेत लोकांनी. त्या मानेचे स्नायू कमावलेले असतात. आतला दोरा कुणाचाच कमावलेला नसतो. मान किंचित पुढे झुकलेली असताना टाळूवर पडलं की तिचा नैसर्गिक बाक सरळ होतो आणि सगळा भार मणक्यांवर सरळ उभा येतो. ताक-तेल-हळद घालून भुसभुशीत केलेली तांबडी माती यातला काही धक्का पिते, सगळा नाही.

हायवेवर उसाच्या ट्रॉलीला मोटारसायकल धडकली की मदतीला धावणारे चार जण हातपाय धरून जखमीला जीपमध्ये टाकतात. हेतू चांगला, पण मोडक्या मणक्याची कड तेव्हा आत घुसू शकते. आधी श्वास बघायचा, १०८ ला फोन लावायचा. एकानं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवायचं आणि इशारा त्यानंच द्यायचा. बाकी तिघांनी खांदा, कंबर, पाय एका ओंडक्यासारखे एकदम वळवायचे. बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, हेल्मेट ओढायचं नाही.

दुखापतीनंतर काही दिवस, कधी काही आठवडे, जखमेखालचा दोरा गप्प असतो. हातोडीलाही पाय हलत नाही. मग एके दिवशी चादर तळव्याला घासते आणि पाय झटकन वर येतो. घरभर फोन जातात, अंबाबाईची ओटी भरायचं ठरतं. झालेलं असतं वेगळंच: खालच्या दोऱ्यानं आपला कारभार पुन्हा सुरू केलेला असतो, आणि वरून 'थांब' म्हणणारा पोचत नसल्यामुळे झटका नेहमीपेक्षा जोरात येतो. डॉक्टर त्याकडे फार बघत नाहीत. गुदद्वाराभोवती टाचणी कळते का ते तपासतात. तिथं कळलं तर काही तारा शाबूत आहेत. मग पायाला हात न लावता म्हणतात, "अंगठा हलवा," आणि थांबतात.