स्ट्रमिंगला बेस्ट गिटार कोणती?

आज लातूरला मित्राच्या घरी दिवसभर ऱ्हिदम गिटार (सगळ्या तारांवर हात मारत ताल धरायचा, तेच स्ट्रमिंग) रेकॉर्ड केली. आवाज नको म्हणून पंखा बंद, घामाच्या धारा, अन् वर आमचा वाद. तो म्हणे, "गड्या, गिब्सन जे-४५. विषय संपला!"

१९४२ पासूनची गिटार, पाठ-बाजू महोगनी लाकडाच्या, आवाज कोरडा, गाण्यात नीट बसणारा. मान्य. (दोघांकडंही ती नाही, हा भाग वेगळा.) पण नुसता गळा अन् गिटार असेल तर मला रोझवूड लाकडाची मार्टिन डी-२८ जास्त भरीव वाटते. तीच ढोलकी, बेस, कीबोर्डच्या गर्दीत घ्या, तिचा खर्ज सगळ्यांच्या अंगावर येतो. मग एकच बेस्ट कशी म्हणायची?

आमच्या साध्या गिटारीचा माइक साउंडहोलसमोरून (पोटावरच्या गोल भोकासमोरून) काढून बाराव्या फ्रेटकडं (दांडीवरच्या बाराव्या पट्टीकडं) वळवला, फूटभर लांब ठेवला. गुरगुर गेली. तारा छेडायचं जाड पिक टाकून पातळ घेतलं, तर स्ट्रोक एकदम मोकळा. मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, खालचा खर्ज बऱ्यापैकी छाटला. एकटी ऐकली तर किरकोळ वाटते, गाण्यात मात्र झकास.

तो अजून जे-४५ वरच अडून बसलाय. लातूर-नांदेडकडं कुणाकडं असेल तर कळवा रे, दोन्ही एकाच माइकवर ऐकू.