नागली, डबा आणि भाव : आमची वाटचाल

नाशिकमध्ये सातपूरला आमची छोटी गिरणी आहे. पेठ-सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी, आणतो, निवडतो, दळतो, विकतो. सुरुवातीपासून गिऱ्हाइकाचे प्रश्न दोनच. गंगापूर रोडवरचे विचारतात, "ऑरगॅनिक आहे ना?" सिडकोतले विचारतात, "एवढी महाग का?"

पहिल्याचं उत्तर सोपं नाही. डोंगरउतारावरच्या नागलीला खत-औषध फारसं कोणी घालत नाही, कारण परवडत नाही. पण रोपासाठी राब भाजतात, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळतात, तेव्हा धूर होतोच. शिवाय प्रमाणपत्राशिवाय पाकिटावर 'सेंद्रिय' छापता येत नाही. म्हणून आम्ही फक्त गावाचं नाव छापतो.

महागाईचं मात्र सांगता येतं. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,290 रुपये होता. आम्ही त्याच्या वर देतो. खरा खर्च पुढे. मळणी खळ्यावर होते, त्यामुळे माती-वाळू मिसळते. दाणा मोहरीएवढा आणि खडाही तेवढाच, चाळणीला दोघांतला फरक कळत नाही. त्यासाठी डिस्टोनर, म्हणजे खडे वेगळे काढणारं यंत्र, घ्यावा लागला, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. भाकरीत एकदा कचकच लागली की ते घर पुन्हा येत नाही.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष. त्या वर्षी नागलीच्या बिस्किटांना अचानक मागणी आली. चकचकीत झिपचं पाउच केलं, खप वाढला. पण त्याच वर्षी जानेवारीपासून रेशनचं धान्य मोफत झालं, अंत्योदय सोडून माणशी महिन्याला 5 किलो. म्हणजे पिकवणाऱ्याच्या घरी फुकटचा तांदूळ आणि त्याची नागली शहरात पाउचमध्ये. रेशनला नावं ठेवायची नाहीत, त्यावर घरं चालतात. तरी पेठच्या एका मावशींना मी म्हणालो, "घरापुरती ठेवा, मग उरलेली द्या." त्या हसल्या. "भाऊ, दवाखान्यात नागली घेतात का?"

तेव्हापासून उपदेश बंद. माप झालं की पैसे जागेवर. नागली घालायला येणाऱ्यांचं घरचं दळण आम्ही फुकट दळतो. त्यातले काही जण खरंच पोतं घरी ठेवू लागलेत, सगळे नाही.

शहरातल्यांसाठी सुटं पीठ पाउचपेक्षा बरंच स्वस्त ठेवलंय. डबा घरून आणायचा. दुपारी दोन ते चार गिरणी बंद असते.