आरपार डव्हटेल : राउटर आणि जिगवरच्या कामाची नोंद

पटाश्या ठेवण्याच्या पेटीचे चारही कोपरे आरपार डव्हटेलने जोडण्याचे काम आता कोरड्या, म्हणजे सरसाशिवायच्या, जुळणीपर्यंत आले आहे. या जोडात एका फळीच्या टोकाला पक्ष्याच्या शेपटीसारख्या रुंद होत जाणाऱ्या टेल असतात, दुसरीला त्यांच्यामध्ये बसणाऱ्या पिना, आणि दोन्हींची टोके बाहेरून दिसतात. फळ्या सागवानाच्या आणि १५ मिमी जाडीच्या आहेत. राउटर, म्हणजे फिरत्या बिटाने (पात्याने) लाकूड कापणारे हातयंत्र, नेमक्या वाटेने नेणारा साचा म्हणजे जिग. माझ्या जिगमध्ये ठरावीक अंतरावर दाते असलेली अॅल्युमिनियमची दोन टेम्पलेट आहेत, एक टेलसाठी आणि दुसरे पिनसाठी; टेलसाठीचे डव्हटेल बिट ८ अंशांचे आहे, पिनांसाठीचे सरळ, आणि दोन्ही बिटांच्या दांड्यावर टेम्पलेटला टेकून फिरणारे बेअरिंग आहे. बेअरिंगची बिटे मी मुद्दाम निवडली, कारण गाइड बुश (राउटरच्या तळाला बसणारे, टेम्पलेटला टेकणारे कडे) कोलेटशी (बिट पकडणाऱ्या भागाशी) तंतोतंत एककेंद्री नसेल, तर राउटर हातात थोडा जरी वळला तरी काप सरकतो.

दात्यांचे अंतर बदलता येत नसल्याने फळीची रुंदी जिगच्या मापावरून ठरवावी लागते, म्हणजे दोन्ही कडांना सारखीच अर्धी पिन येते. हे बंधन मला खटकत नाही. वेगवेगळ्या रुंदीच्या टेलची हौस असेल, तर सरकत्या दात्यांचे जिग घ्यावे.

या पद्धतीत सर्वाधिक लक्ष द्यावे लागते ते जोडाच्या घट्टपणाकडे. टेलच्या टेम्पलेटचे दाते सरळ असतात आणि डव्हटेल बिटाचा आकार ठरलेला असतो, त्यामुळे टेल जसे निघतात तसेच निघतात. अर्धझाकल्या डव्हटेलमध्ये (ज्यात एका बाजूने जोड दिसत नाही) बिट खाली-वर करून जोड घट्ट किंवा सैल करता येतो, पण इथे खोली वाढवल्याने फक्त टोके बाहेर येतात, घट्टपणा बदलत नाही. बदलतात त्या फक्त पिना. पिनांच्या टेम्पलेटमधल्या फटी निमुळत्या असतात. टेम्पलेट त्याच्या आधाराच्या लाकडी ठोकळ्यावर पुढे-मागे सरकवले आणि फटीचा रुंद भाग फळीवर आला, तर पिना बारीक होऊन जोड सैल होतो, अरुंद भाग आला तर पिना जाड होतात. ८ अंशांच्या उताराला टेम्पलेट १ मिमी सरकवल्यावर पिनेच्या रुंदीत सुमारे ०.२८ मिमी फरक पडतो. याचाच अर्थ, ०.१ मिमीची दुरुस्ती हवी असेल तर सरकवणे साधारण ०.३६ मिमी लागते, आणि तेवढे अंतर साध्या छपाईच्या कागदाच्या तीन-चार पट्ट्या पाचरीसारख्या घालून निश्चित मिळते. स्क्रू सैल करून अंदाजाने ढकलण्यापेक्षा ही रीत मला कितीतरी विश्वासाची वाटते.

सुरुवात नेहमी जाड पिनांनी करावी. जाड निघालेली चाचणीची पिन टेम्पलेट सरकवून त्याच तुकड्यावर पुन्हा तासता येते. बारीक झालेली पिन परत जाड होत नाही. चाचणीचे तुकडे त्याच फळ्यांचे, त्याच जाडीचे घेतले होते. मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी टेल अर्ध्यापर्यंत उतरली आणि हाताने ओढून निघाली नाही, तेव्हा स्क्रू पक्के केले. खऱ्या फळ्यांची कोरडी जुळणीही अर्ध्यापर्यंतच केली आहे, कारण पूर्ण ठोकून पुन्हा काढल्यास कडा दबतात आणि अखेरच्या जोडणीत तीच फट दिसते.

कापताना डव्हटेल बिट टप्प्याटप्प्याने खाली नेता येत नाही, पूर्ण खोलीचा काप एकदमच घ्यावा लागतो. १५ मिमीला हा भार बिटाच्या बारीक मानेवर बराच पडतो, म्हणून प्रत्येक खाचेच्या मधोमध हातकरवतीने आधी काप घेऊन ठेवले. बिट पूर्ण थांबल्याशिवाय राउटर वर उचलायचा नाही. फिरते बिट उचलले तर टेल आणि टेम्पलेट दोन्ही गमवावी लागतात. फळीमागे टाकाऊ लाकडाची पाठराखण घट्ट बसवली होती, शिवाय समोरच्या कडेवर उजवीकडून डावीकडे अगदी हलका पहिला हात फिरवला. हा काप राउटरला पुढे ओढू पाहतो, म्हणून पकड पक्की हवी, पण सागवानाचे तंतू त्यामुळे कडेला उसवत नाहीत. टेल जिथे संपतात ती खांदारेषा पट्टीसारखी स्वच्छ उमटते आणि पटाशीने काही साफ करायचे उरत नाही.

खोली फळीच्या जाडीपेक्षा किंचित जास्त ठेवली आहे, त्यामुळे टोके केसभर बाहेर राहतील आणि सरस वाळल्यावर रंध्याने समतल करता येतील. त्यासाठी क्लॅम्पखाली घ्यायचे ठोकळे फक्त टेलवर दाब देतील असे खाचा पाडून तयार केले आहेत.

तळाच्या फळीची खाच अजून पाडायची आहे. पिनांच्या फळीत ती दोन पिनांमधून टोकापर्यंत गेली तरी चालते, कारण टेल ती झाकते. टेलच्या फळीत मात्र ती टोकाआधीच थांबवावी लागेल, नाहीतर कोपऱ्यावर चौकोनी भोक दिसेल. त्यानंतर कोपऱ्यांवरचे क्रमांक जुळवून सरस लावायचा आणि दोन्ही कर्ण मोजून पेटी काटकोनात आहे ना, हे क्लॅम्प आवळण्याआधी पाहायचे आहे.