‘आधी घरचे’ या घोषणेला बार्सिलोनाने दिलेलं उत्तर

2000 साली स्पेनच्या कातालुन्या प्रांताची राजधानी असलेल्या बार्सिलोनात परदेशी रहिवासी 3.5 टक्क्यांच्या आसपास होते. दहा वर्षांत ते 17 टक्क्यांवर गेले आणि कुजबुज वाढली: सगळी मदत त्यांनाच, दवाखान्यात गर्दी त्यांचीच, दुकानं थाटतात पण कर भरत नाहीत. याच भांडवलावर ‘आधी घरचे’ म्हणणाऱ्या ‘प्लाताफॉर्मा पेर कातालुन्या’ या स्थलांतरविरोधी पक्षाने कातालुन्यातल्या 2011 च्या स्थानिक निवडणुकांत 67 नगरसेवक निवडून आणले.

त्याहून गंभीर गोष्ट कातालुन्यातल्याच विक गावात घडली. 2010 च्या सुरुवातीला तिथल्या नगरपालिकेने व्हिसा-परवाना नसलेल्यांची ‘पाद्रोन’मध्ये, म्हणजे रहिवासी-नोंदवहीत, नोंद न करण्याचं ठरवलं. दवाखाना आणि शाळा, दोन्हींची वाट त्या नोंदीतून जाते. निर्णय घेणारे प्रस्थापित पक्ष होते. विरोधी बाकांवर बसून ‘प्लाताफॉर्मा’ने आपला कार्यक्रम त्यांच्याकडून करून घेतला. अखेर कायद्यापुढे नगरपालिकेला माघार घ्यावी लागली.

बार्सिलोनाने त्याच वर्षी आंतरसांस्कृतिक आराखडा मंजूर केला. समान हक्क, वेगळेपणाचा स्वीकार आणि रोजचा एकमेकांशी संबंध ही त्याची तीन तत्त्वं. त्यातूनच अफवाविरोधी मोहीम निघाली. आधी वस्तीवस्तीतून अफवा गोळा करायच्या, मग आकडे तपासायचे, मग दुकानदार, शिक्षक, वस्ती-संघटनांचे कार्यकर्ते अशा लोकांना बोलण्याचं प्रशिक्षण द्यायचं.

खरी कसोटी बोलण्यातच लागते. समोरच्याला वंशद्वेष्टा म्हटलं की संवाद तिथेच संपतो. ‘हे कुठे ऐकलंत? तुमच्या ओळखीत कुणाचं असं झालंय?’ असं विचारावं, ऐकून घ्यावं, मग एखादीच माहिती द्यावी. पोस्टरवर अफवा मोठ्या अक्षरात छापून खाली खुलासा करण्याची चूक तर टाळावीच, कारण लक्षात मोठी अक्षरं राहतात.

पण नुसत्या प्रशिक्षणाने भागत नाही, असं माझं ठाम मत आहे. शाळेतल्या जेवणाचं अनुदान उत्पन्न पाहून मिळतं, तेव्हा नव्याने आलेली गरीब कुटुंबं यादीत बसतात आणि मर्यादेच्या जरा वर असलेलं जुनं कामगार कुटुंब वगळलं जातं. त्या कुटुंबाचा राग खरा असतो. तिथे आकडे तोंडावर फेकून उपयोग नाही. निकष आणि अर्जांना मिळालेले गुण साध्या भाषेत नोटीस बोर्डावर लावावेत, मर्यादा एकदम न तोडता अनुदान टप्प्याटप्प्याने कमी करावं, आणि अनुदानाच्या जागाच अपुऱ्या असतील तर त्या वाढवाव्यात. हा खर्च अंदाजपत्रकात दिसत नसेल, तर आराखड्यातली तीन तत्त्वं कागदावरच राहतात.