डिसेंबर, डोळे आणि 150 डॉलर

अमेरिकेत दात वेगळे, डोळे वेगळे आणि उरलेलं शरीर वेगळं, निदान विम्याच्या हिशेबात तरी. न्यू जर्सीत इतकी वर्षं काढल्यावर मला त्याचं नवल वाटत नाही, पण भारतातून नवीन आलेल्या कुणाला समजावताना मात्र हसू येतं.

आमच्या व्हिजन प्लॅनमध्ये माणशी वर्षाला एक तपासणी मिळते, कोपे, म्हणजे दर भेटीला आपण खिशातून भरायची ठरलेली रक्कम, 10 डॉलर. फ्रेमसाठी 150 डॉलर. ते नको असतील तर कॉन्टॅक्ट लेन्सना पैसे मिळतात. एका वर्षात दोन्ही नाही. वापरले नाहीत तर 31 डिसेंबरला गेले, पुढच्या वर्षात जमा होत नाहीत. त्यात 2025 मध्ये नवऱ्याच्या एफएसएतही बरेच पैसे उरले होते. एफएसए म्हणजे कर लागण्याआधी पगारातून औषधपाण्यासाठी बाजूला काढलेली रक्कम. 2025 च्या शिलकीतले 660 डॉलरपर्यंत पुढे नेऊ द्यायला सरकारची परवानगी आहे. काही कंपन्या त्याऐवजी 15 मार्चपर्यंत मुदत देतात. पण यातलं काहीही देण्याचं बंधन कंपनीवर नाही. नवऱ्याची कंपनी काहीच देत नाही, म्हणजे तेही पैसे 31 डिसेंबरला जाणार.

मला चाळिशी लागलेलीच होती. दर वेळी पुण्याला गेलं की लक्ष्मी रोडवरून चष्मा करून आणायचा हा आमचा शिरस्ता, पण त्या वर्षी जाणं झालं नाही. म्हणून डिसेंबर लागताच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फोन केला. अपॉइंटमेंट मागायच्या आधी एक प्रश्न विचारला: आमचा लाभ कॅलेंडर वर्षाप्रमाणे आहे, की मागच्या तपासणीपासून 12 महिन्यांनी? हा प्रश्न विचाराच. माझ्या मैत्रिणीचा प्लॅन दुसऱ्या प्रकारचा आहे. ती त्याच वर्षी जानेवारीच्या अखेरीस गेली होती, त्यामुळे डिसेंबरमध्ये धावपळ करून तिला काहीच मिळणार नव्हतं. आमचा कॅलेंडर वर्षाचा निघाला.

नवऱ्याचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं. त्याला शुगर आहे. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "आज रुटीन की मेडिकल?" चष्म्याचा नंबर काढायचा असेल तर व्हिजन विमा, शुगरमुळे पडदा तपासायचा असेल तर आरोग्य विमा, आणि त्याचा कोपे वेगळा, बराच जास्त. खुर्ची तीच, डॉक्टर तेच, बिलं मात्र दोन दिशांना. वर्षअखेरीला त्याचं डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी दर वर्षी आपण भरायची रक्कम, भरून झालं होतं, त्यामुळे पडद्याची तपासणीही याच वर्षात उरकणं आमच्या फायद्याचं होतं. दोन्ही एका दिवशी होणार नाही म्हणाल्या, म्हणून दोन तारखा घेतल्या. थेंब घालून बाहुल्या मोठ्या करण्याऐवजी फोटो काढायचा पर्याय होता, पण त्याचे वेगळे पैसे आणि ते विम्यात नाहीत. आम्ही थेंब घेतले. तो परतताना काळा चष्मा लावून बसला, गाडी मी चालवली.

"ही स्पष्ट की ही? पहिली की दुसरी?" हा खेळ माझाही झाला. दोन्ही सारख्याच दिसत होत्या, तसं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "सारख्या दिसल्या तरी चालतं, तेही उत्तरच आहे."

खरी परीक्षा फ्रेमच्या भिंतीपाशी. विम्याचे 150 म्हणून विक्रेती थेट 400 च्या फ्रेमा काढून दाखवते, वरच्या रकमेवर 20 टक्के सूट आहे म्हणते. फुकट ते पौष्टिक या नादात माणूस 200 डॉलर खिशातून देऊन बसतो. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूरचं-जवळचं दोन्ही दिसणाऱ्या काचा, पातळ काचा, चकाकी न येणारा थर, प्रत्येकाचा आकडा वेगळा. मी सगळं मांडून घेतलं आणि 140 च्या फ्रेमवर थांबले. काचांचा थर घेतला, निळ्या प्रकाशाचा फिल्टर नाही घेतला.

नंबराचा कागद न मागताही मिळायला हवा, हा इथला कायदा आहे. आयग्लास रूल 1978 पासून लागू आहे. दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, कागदावर लिहायचं बंधन मात्र त्या नियमात नाही. ऑनलाइन चष्मा करायचा तर ते लागतं. मी आग्रह धरला, तेव्हा कुरकुरत लिहून दिलं.

एफएसएच्या पैशांतून नवऱ्याने नंबरचा गॉगल केला. उरलेल्यात लेन्सचं सोल्यूशन, कोरड्या डोळ्यांचे थेंब आणि तयार वाचनचष्मे बसतात, ते भरून घेतले. एफएसए पैसे कधी भरले ते नव्हे, सेवा कधी मिळाली ते पाहतं, म्हणून दुकानाकडून गॉगल वर्ष संपायच्या आत हातात देण्याचं कबूल करून घेतलं.

जानेवारीत अपेक्षेप्रमाणे एफएसएकडून पत्र आलं: खर्चाचा पुरावा द्या. कार्डाची स्लिप चालत नाही. रुग्णाचं नाव, तारीख, वस्तू आणि रक्कम अशी सविस्तर पावती लागते. दुकानातून ती आधीच मागून ठेवली होती. फोटो काढून चढवला आणि खर्च मंजूर झाला. 2026 च्या एफएसएची रक्कम आम्ही कंपनीच्या नोव्हेंबरमधल्या वार्षिक नोंदणीतच कमी केली आहे; मुलाच्या दातांना तारा लागणार की नाही, तेवढंच अजून ठरायचं आहे.