आमची वाटचाल : पाच व्होल्टचा हिशेब

इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान सुरू केलं तेव्हा माल म्हणजे प्लॅस्टिकच्या खणांचा एक रॅक. पाव वॅटचे रेझिस्टर, ५५५ (टायमर चिप), बीसी ५४७ (ट्रान्झिस्टर), ७८०५ (जास्तीचा व्होल्टेज उतरवून पक्के पाच व्होल्ट देणारा रेग्युलेटर), ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची पट्टी), सोल्डर वायर. भागीदार होता, तो दुसऱ्या वर्षी नोकरीला लागला. जाताना त्याचं सोल्डरिंग स्टेशन मात्र ठेवून गेला. ते अजून चालू आहे, फक्त टिप बदलत आलोय. एक गोष्ट तेव्हापासून पाळली : रेझिस्टर सुटा मागितला तरी द्यायचा. २२० ओहमचे तीन हवे असलेल्या पोराच्या गळ्यात शंभराची पट्टी मारायची नाही. घाऊकवाले हसायचे. हसू देत.

मग तो ७८०५ चा लॉट आला. नेहमीच्या पुरवठादाराकडे माल संपलेला, कॉलेजच्या पोरांचं प्रोजेक्ट सबमिशन तोंडावर, आणि नवा माणूस निम्म्याहून कमी भावात द्यायला तयार. दोन हजार नग उचलले. तपासले नाहीत असं नाही. वीसेक नग काढून मल्टीमीटर लावला, प्रत्येकाने नेमके पाच व्होल्ट दाखवले. लोडच नव्हता, म्हणजे करंट ओढणारं काही जोडलंच नव्हतं, दाखवणारच!

आठवड्याभरात पोरं परत. "दादा, सर्वो मोटर हलली की कंट्रोलर रीसेट होतो." मी प्रत्येकाला वायरिंग बघ म्हणून पिटाळलं. त्याची लाज आजही वाटते.

चूक दाखवली ती कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या काकांनी. पहिल्या महिन्यापासूनचं गिऱ्हाईक, यादी नेहमी जुन्या जर्नलच्या पाठकोऱ्या कागदावर. त्या दिवशी यादी नव्हती. खिशातून दहा ओहमचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर काढला, आमच्या नगाला हीटसिंक (उष्णता शोषणारा पत्रा) लावून आउटपुटवर जोडला आणि बारा व्होल्टचा अडॅप्टर दिला. पाच व्होल्टला अर्धा अँपिअर, खऱ्या ७८०५ ला काहीच जड नाही. आमचा साडेतीनवर बसला. मग त्यांनी पक्कड मागितली आणि एक जुना, एक नवा असे दोन नग फोडले. नव्यातला सिलिकॉनचा तुकडा जुन्याच्या निम्माही नव्हता, मागचा पत्रासुद्धा पातळ. "मालक, हे विकू नका," एवढंच म्हणाले.

उरलेला माल भंगारात टाकला. विकलेला एकेक नग बदलून दिला, बिल नसलं तरी. त्यात वर्षाचा नफा गेलाच, शिवाय दुकानाचं डिपॉझिट मोडावं लागलं. आणि नेमकं याच वेळी शेजारच्या व्यावसायिकाने "त्यांच्याकडे डुप्लिकेट मिळतं" अशी हाकाटी पिटली. त्याच्या खणात तोच लॉट होता, मी डोळ्यांनी पाहिलाय. त्याने बदलून मात्र कुणाला काही दिलं नाही. उलट तयार प्रोजेक्ट रिपोर्टसकट विकायला लागला. व्हायव्हाला ती पोरं काय उत्तरं देत असतील कुणास ठाऊक.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. २०२१ च्या चिपटंचाईतही गाडं ओढलं.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. कुठल्याही आयसीच्या (चिपच्या) सप्लाय पिनजवळ १०४ चा, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, बहुतेक 'भुतं' तिथेच उतरतात. जीएसएम मोड्यूल (सिमकार्डवर चालणारं) ७८०५ वर चालवू नका. क्षणभर का होईना, ते दोन अँपिअरपर्यंत ओढतं, तिथे अस्सल नगही पुरणार नाही. एचसी-०५ या ब्लूटूथ मोड्यूलच्या आरएक्स (डेटा घेणाऱ्या) पिनला थेट पाच व्होल्ट देऊ नका, दोन रेझिस्टर मध्ये घाला. सेन्सर एक लागत असेल तर दोन घ्या. आणि पैसे वाचवायचेच असतील तर एलईडीत वाचवा, पॉवर सप्लायमध्ये नको.

काका निवृत्त झाले. त्यांचा तो सिरॅमिक रेझिस्टर आता लाकडी फळीवर झेडआयएफ सॉकेटशेजारी (पार्ट जोर न लावता बसवता-काढता येणारं) पक्का बसवलाय, आणि नवा लॉट आला की त्यातले नग त्यावरून गेल्याशिवाय खणात जात नाहीत. बाहेरून आणलेला पार्टही तपासून देतो, फुकट.

मागच्या आठवड्यात एक मुलगी ७८०५ घेऊन आली. फळीवर लावला, तीन पॉइंट आठ. कुठून घेतला हे मी विचारलं नाही. पिशवीवर शिक्का होताच.